चौथ्या चुलीचे सभासद

सांगलीच्या आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात नवा मुलगा आला की त्याला कुणी गाव विचारत नसे, शाळा विचारत नसे. जिन्यावर टेकून उभा असलेला जुना विद्यार्थी त्याच्या ट्रंकेकडे बघत एवढेच विचारी, "जेवायला कुठं?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात तुमची जात येई, आणि पुढची चार वर्षे संध्याकाळी तुम्ही कुणाबरोबर फिरायला जाणार हेही ठरून जाई. इमारतीच्या मागे तीन स्वयंपाकघरे होती. त्यांना आम्ही क्लब म्हणत असू. पहिला ब्राह्मण मुलांचा, दुसरा आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांचा, तिसरा जैन-लिंगायतांचा. आचारी वेगळे, हंडे वेगळे, पिण्याच्या पाण्याचे पिंपही वेगळे. वर्गात एका बाकावर बसणारी, एकमेकांच्या वहीतून टिपणे उतरवणारी मुले जेवणाची घंटा झाली की तीन वाटांनी जात.

जुने लोक सांगत की इमारत बांधली तेव्हा भोजनगृह एकच होते. मग कुणाच्या तरी ताटात कुणाच्या तरी तांब्यातले पाणी उडाले. भांडण झाले, पालकांची पत्रे आली, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या लांबच लांब खोलीत दोन भिंती उठल्या. भांडणारे केव्हाच वकील-मामलेदार होऊन निघून गेले. भिंती आमच्या वाट्याला आल्या.

मी कोरेगावकडचा. घर शेतकऱ्याचे, थोरला भाऊ पलटणीत. बेचाळीस साली मी शाळेत होतो आणि गुळाच्या ढेपांखाली लपवलेली पत्रके या गावातून त्या गावात पोहोचवत होतो. पोहोचवण्याआधी मी ती वाचत असे. माझे मराठी क्रमिक पुस्तकांवर पोसलेले नाही. ते त्या पत्रकांवर पोसलेले आहे. त्यामुळे आजही मी साधी चिठ्ठी लिहायला बसलो तरी पहिला शब्द "बंधूंनो" असा येतो आणि मग तो खोडावा लागतो. असा मी, कॉलेजात आल्यावर मुकाट्याने दुसऱ्या क्लबात जेवत होतो. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकतो.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये म्हसवडच्या बाजूचा एक मुलगा आला. महार समाजातला. मॅट्रिकला गणितात त्याने आमच्यापैकी कुणीही पाहिले नव्हते इतके गुण मिळवले होते. आम्ही त्याला माणदेशी म्हणू लागलो. जिन्यावर त्यालाही तो नेहमीचा प्रश्न विचारला गेला.

"जेवायला कुठं?"

"तेच बगायला आलोय," तो म्हणाला आणि ट्रंक उचलून वर गेला.

त्याने तिन्ही क्लबांकडे अर्ज केले. तिन्ही क्लबांत त्याच आठवड्यात जागा भरल्या. त्याला तोंडावर कुणी वाईट बोलले नाही. दुसऱ्या क्लबच्या चिटणीसाने तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे फिरवल्यासारखे केले. माणदेशी गावाकडून सर्व्हिस मोटारीने येणाऱ्या भाकऱ्यांवर दिवस काढू लागला. भाकऱ्या आठवड्यातून एकदा येत. शेवटच्या दोन दिवशी त्या पाण्यात भिजवून खाव्या लागत.

वसतिगृहाचा नियम असा होता की खोलीत राहणारा प्रत्येक जण कुठल्या तरी क्लबचा सभासद असलाच पाहिजे. धान्य रेशनवर मिळे, आणि रेशनकार्ड क्लबाकडे जमा करायचे असे. जुलैअखेर रेक्टर सरांनी माणदेशीला बोलावले. सर वाईट नव्हते. नियमाच्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकायला त्यांना भीती वाटे, एवढेच. ते म्हणाले, "पुढच्या महिनाअखेरपर्यंत मी थांबतो. तोवर क्लब नसेल तर खोली काढून घ्यावी लागेल."

गावात त्याला भाड्याने खोली देणारे घर नव्हते. खोली गेली की कॉलेज गेले. हे सरांना ठाऊक होते, माणदेशीला ठाऊक होते, आणि आता आम्हालाही ठाऊक झाले.

मी सरांकडून ते नियमांचे पुस्तक मागून आणले आणि दुपारभर वाचले. शेवटून दुसऱ्या पानावर सापडले: वसतिगृहातल्या कोणत्याही वीस विद्यार्थ्यांना नवा क्लब काढता येईल. दोन्ही वेळचे जेवण एक महिना खंड न पडता चालवून दाखवायचे, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी पंगतीत वीस सभासद हजर पाहिजेत. मग मान्यता.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिले. "बंधूंनो" या शब्दाने सुरुवात केली आणि या वेळी तो खोडला नाही. त्या पत्रकापासून मुले मला लेखक म्हणू लागली. माझ्या खोलीतला जोडीदार कडेगावकडचा पैलवान होता. शब्दाने कमी आणि मांडीने जास्त बोलणारा. त्याने पत्रक हातात घेतले आणि खोल्याखोल्यांतून फिरला. दारात पैलवान उभा असला की सह्या लवकर होतात. माणदेशीला धरून बावीस सह्या झाल्या. त्यात मिरजेचा, सतारी करणाऱ्या घरातला एक मुसलमान मुलगाही होता. घर जवळ असलेल्यांना क्लबच्या नियमातून सूट होती, म्हणून तो आजवर रोज जेवायला मिरजेला जात असे.

मग आम्ही नियमावली केली. एकवीस कलमे. चूल नव्हती, तवा नव्हता, आचारी नव्हता, पण एकवीस कलमे होती. सातवे कलम मी स्वतः लिहिले आणि सभेत उभा राहून मोठ्याने वाचले: ज्या बंधूकडून समाजाने आजवर फक्त सेवा घेतली, त्याच्याकडून हा क्लब कसलेही काम घेणार नाही, तो आमचा सन्माननीय सभासद राहील. टाळ्या पडल्या. मला वाटले, आयुष्यात इतके चांगले वाक्य आपण पुन्हा लिहिणार नाही. माणदेशी कोपऱ्यात बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो संकोचला असेल असे मी धरून चाललो.

न्हाणीघरामागे बंबाची एक पडकी खोली होती. ती सरांनी आम्हाला दिली. गावातला एकही आचारी यायला तयार होईना, तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या. रोज चार जण. आणि एक ऑगस्टला सकाळी पैलवान परातीपुढे बसला.

रेशनची लाल ज्वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. त्या पिठाला चिकटपणा नावाला नव्हता. पैलवानाने गार पाण्यात ते मळले आणि प्रतिस्पर्ध्याची मान दाबावी तसे थापले. भाकरी उचलली की तिचे दोन तुकडे होत. तुकडे तव्यावर नेईतो चार होत. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले.

दाराबाहेर बघ्यांची गर्दी झाली होती. सगळ्यांत पुढे पहिल्या क्लबचा चिटणीस, चष्मेवाला. तीक्ष्ण जिभेबद्दल तो प्रसिद्ध होता.

"अरे वा, आज भूगोलाचा तास का?" तो म्हणाला. "हे सिलोन ओळखलं मी. आणि ते फाटलेलं कोण, इटली?"

"ए चष्म्या, बगायला तिकीट लावू का?" पैलवान गरजला.

"लाव की. खायला कुणी दमडी देणार नाही, बघायला देतील."

आम्ही ते सिलोन आणि ती इटली आमटीत बुडवून गिळली. दुसऱ्या दिवशीही गिळली. चष्मेवाला रोज येई. भाकरी करपली की तो म्हणे, "आज आफ्रिका." पहिल्या पंधरवड्यात निम्मे सभासद पोट धरून फिरत होते. पण एकाही वेळेला खंड पडला नाही. पंगत एकच बसे. मिरजेचा मुलगा, पैलवान, दोन जैन मुले, माणदेशी, मी, सगळे एका ओळीत. माणदेशीला आम्ही मधोमध बसवत असू. त्याचे ताट आम्ही वाढत असू, आणि तो उठला की त्याचे ताट उचलायला आमच्यात चढाओढ लागे. ते ताट मी चार वेळा उचलले, आणि प्रत्येक वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी माझी पाळी होती. मी पिठात हात घालून बसलो होतो आणि पीठ माझे काही ऐकत नव्हते. माणदेशी दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता.

"थोडा वेळ लागेल," मी म्हणालो. "तू जा, अभ्यास कर. झालं की बोलावतो."

"पाणी गार घेतलंस व्हय?"

"हो. का?"

"ह्या पिठाला इरी न्हाई, चिकटत न्हाई ते. जुनी ज्वारी हाय. उकळतं पाणी घालून झाकून ठेवाय लागतंय, मग धरतंय." तो एक पाऊल आत आला. "सरक जरा, मी दावतो."

मी चटकन परात माझ्याकडे ओढली. "नको, नको. तू नको. सातवं कलम आहे."

तो थांबला. मग हसला, पण ते हसणे चांगले नव्हते.

"लेखक, एक इचारू?"

"विचार की."

"आमच्या गावात मला चुलीजवळ येऊ देत न्हाईत. हितं तुमी येऊ देत न्हाई. फरक काय?"

"असं कसं म्हणतोस? तो तुझा मान आहे!"

"मान?" त्याचा आवाज चढला. "चुलीला हात लावू न देणं, पाण्याच्या घागरीला हात लावू न देणं, ह्याला आमच्यात दुसरं नाव हाय, गड्या. माझी आई रानात कामाला जायाची. आठ वर्सांचा असल्यापास्नं मी भाकरी थापतोय. बावीस जण कच्चं खाऊन पोट धरून फिरताय. एकानं तरी इचारलं का, तुला येती का रं म्हणून? कलम लिवलं लय भारी. पण ह्या घरात अजून एकानं माझ्या हातचा घास खाल्ला न्हाई. आन् तुला कळलंबी न्हाई."

हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले होते आणि मी तसाच बसून राहिलो. जे वाक्य मी आयुष्यातले सर्वांत चांगले समजत होतो त्यानेच मी नवी शिवाशिव सुरू केली होती, आणि तिला टाळ्या मिळवल्या होत्या. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि ती जास्त झोंबली. ते कलम वाचून दाखवल्यावर तिघांनी नियमावलीवर लगेच सही केली होती. आधी, पत्रकावर सही करूनही, ते का-कू करत होते. मला वाटले होते, माझ्या शब्दांनी त्यांना जिंकले.

मी त्याच दिवशी दुपारी सभा बोलावली आणि ठराव मांडला: सातवे कलम रद्द. कामाच्या पाळीत सगळे सारखे. या वेळी मी भाषण केले नाही. चूक माझी आहे एवढे सांगितले आणि खाली बसलो.

तिघांतला एक उठला. म्हणाला, "एका पंगतीला बसायचं ठरलं होतं. ते आम्ही केलं. हातचं खायचं ठरलं नव्हतं."

"मग आता ठरवू या," पैलवान म्हणाला.

"तुम्ही ठरवा. आम्हाला गावात तोंड दाखवायचं आहे."

तिघेही गेले. जाताना त्यांनी आपापली ताटे नेली. मिरजेच्या मुलाने मोजले, एकोणीस. महिना संपायला पाच दिवस राहिले होते.

कुणीतरी हळूच म्हणाले, "एवढे पाच दिवस ते कलम राहू दिलं असतं तर? मान्यता मिळाल्यावर काढलं असतं..."

सगळ्यांनी माणदेशीकडे पाहिले. खोली त्याची जाणार होती.

"न्हाई," तो म्हणाला. "त्या कलमावर मिळालेली खोली मला नको. गेली तर जाऊ दे. पण उद्याची पाळी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाणी उकळले, त्यात पीठ घातले, झाकण ठेवले आणि शांतपणे बसून राहिला. मग मळले. असे मळले की ते लाल, हट्टी पीठ मऊ गोळा होऊन त्याच्या हाताशी आले. थापताना परात फिरायची आणि तळव्याचा एका लयीत आवाज यायचा. भाकरी तव्यावर गेली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि निखाऱ्यापाशी उभी केल्याबरोबर टम्म फुगली.

पैलवान ओरडला, "आरं, फुगली रं!" जणू कुस्ती मारली.

पहिली भाकरी मी घेतली. खरे सांगतो, घास तोंडात घालण्याआधी क्षणभर माझा हात जड झाला. लहानपणापासून अंगात मुरवलेले असे एका ठरावाने जात नाही. पण घास गिळल्यावर ते गेले. मग आम्ही जेवलो ते असे जेवलो की तवा गार पडू दिला नाही. महिन्यात पहिल्यांदा कुणी भाकरी मोडताना तिला देशाचे नाव दिले नाही.

तरी एकोणीस ते एकोणीसच. चार दिवस आम्ही खोलीखोलीत हिंडलो. आता पैलवानाची मांडीही चालेना. मुले म्हणत, "आम्हाला पटतं रे, पण घरी कळलं तर?" शेवटचा दिवस उजाडला. सकाळी अकराला रेक्टर सर पंगत मोजायला येणार होते.

दहाच्या सुमारास दारात चष्मेवाला उभा राहिला. रोजच्यासारखाच. माणदेशी चुलीपाशी होता.

"आज हसायला काही मिळणार नाही," मी त्याला म्हणालो. "भाकऱ्या गोल आहेत."

"दिसतंय." तो हलला नाही.

"मग? बघून झालं?"

"हसायला एक दिवस पुरतो रे," तो म्हणाला. "महिनाभर येत होतो मी. तुम्हाला कुणाला वाटलं नाही का, हा रोज का येतो?"

त्याचा एक हात पाठीमागे होता. तो त्याने पुढे घेतला. हातात ताट होते.

मी लगेच खिशातून पत्रक काढले. म्हणालो, "आधी आमची तत्त्वं समजून घे. सही तत्त्वावर हवी, भाकरीवर नको. पहिलं कलम—"

"ए लेखक," चुलीपासून माणदेशी ओरडला, "आधी खाऊ दे त्याला! पोटातनं आला तरी आलाच की. बस रं, आत ये."

"इथंच उभ्यानं खातो."

"उभ्यानं खाल्लेलं सर मोजणार न्हाईत. आत बस."

चष्मेवाल्याने उंबरा ओलांडला. त्याचे कान लाल झाले होते. तो पंगतीत पैलवानाशेजारी बसला. माणदेशीने स्वतः त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली, लसणाची चटणी वाढली, फोडलेला कांदा ठेवला. चष्मेवाल्याने घास मोडला, चावला, आणि वाफेने धूसर झालेला चष्मा काढून हातात धरला.

"कसं काय?" पैलवानाने विचारले. "कंचा देश?"

"गप्प बस. जेवू दे." मग भाकरी संपवून तो म्हणाला, "काकांना कळलं तर मला आयर्विन पुलावरून कृष्णेत फेकतील. दुसरी वाढ."

दुसरी भाकरी खाता खाता त्याने सही केली. एक अक्षर चटणीने माखले.

अकराला रेक्टर सर आले. बरोबर वही होती. त्यांनी एका टोकापासून मोजायला सुरुवात केली. चष्मेवाल्यापाशी आल्यावर थांबले. सरांचे आणि त्याचे गावाकडचे घर एकाच गल्लीत होते.

"तूसुद्धा?"

"सर, मोजताना थांबू नका, चुकेल," तो म्हणाला.

सर पुढे गेले. चुलीपाशी बसलेल्या माणदेशीला त्यांनी शेवटचा धरला. "वीस," ते म्हणाले. त्यांनी वहीत लिहिले, खाली सही केली. माणदेशीचे रेशनकार्ड मागून घेतले, त्यावर क्लबाचा आकडा घातला, चार, आणि ते माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिले. "खोली तुझी. वर्षभर कुणी उठवणार नाही." जेवायला बसा असा आम्ही आग्रह केला. ते बसले नाहीत. पण जाताना पाण्याच्या पिंपापाशी थांबले, आमच्याच पेल्याने पाणी प्यायले, पेला उपडा ठेवला आणि गेले.

मग जे झाले त्याला तोड नाही. पैलवानाने परात उचलली आणि बडवली. वीस ताटे वाजू लागली. आम्ही मिरवणूक काढली, न्हाणीघरापासून निघून तिन्ही क्लबांच्या दारांवरून, जिन्याने वर, लांब ओसरीतून. मी कठड्यावर चढलो. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे भाषण माझ्या ओठांवर होते. खाली निम्मे वसतिगृह जमले होते. सोडून गेलेल्या तिघांतला एक खाली मान घालून गर्दीच्या कडेला उभा होता, आणि त्याच्या बगलेत ताट होते. मी हात वर केला. म्हणालो, "बंधूंनो—"

ओसरीच्या टोकाचे दार धाडकन उघडले. दारात माणदेशी उभा होता. तो मिरवणुकीतून केव्हा निघून गेला होता, कुणाला कळले नव्हते. एका हातात भूमितीचे पुस्तक होते, कानावर पेन्सिल.

"ए, गप बसा की रं!" तो ओरडला. "परवा परीक्षा हाय! माणसं राहत्यात हितं!"

ताटे थांबली. पैलवानाने परात पाठीमागे धरली. मी कठड्यावरून खाली उतरलो. आणि आम्ही सगळे, ज्या भाषणाची मी महिनाभर तयारी केली होती त्यातला एकही शब्द न उच्चारता, चवड्यांवर पावले टाकत आपापल्या खोल्यांत गेलो.